डाव मोडायचा हक्क कुणाचा?

सोनीचा ‘कॉन्कॉर्ड’ हा ऑनलाइन व्हिडिओ गेम २३ ऑगस्ट २०२४ रोजी बाजारात आला आणि ६ सप्टेंबरला बंद झाला. दूरच्या आकाशगंगेत भाड्याने लढणाऱ्या बंदूकबाजांच्या टोळ्या, पाच विरुद्ध पाच, सगळं दिसणार ते आपल्याच पात्राच्या डोळ्यांनी, किंमत चाळीस डॉलर. जेमतेम पंधरवडा टिकला. ‘स्टीम’ या संगणकावरच्या खेळांच्या ऑनलाइन दुकानावर एका वेळी जास्तीत जास्त ६९७ जण तो खेळत होते, आणि सोनीसारख्या कंपनीच्या मापाने हा आकडा शून्यातच जमा. ऑक्टोबर संपता संपता तो बनवणारा फायरवॉक स्टुडिओसुद्धा बंद केला गेला.

जगभर हसं झालं. सोनीने मात्र एक काम चोख केलं. ज्यांनी ज्यांनी खेळ विकत घेतला होता, त्या सगळ्यांना पैसे परत दिले. त्यामुळे प्रकरण मिटलं असं बहुतेकांनी धरलं. मला ते मिटलेलं वाटत नाही. ज्याच्याकडे डिस्क आहे त्याच्याकडे नकाशे, पात्रं, बंदुका, संगीत हे सगळं आजही आहे. ते चालू करायला लागणारा सर्व्हर, म्हणजे सगळ्या खेळाडूंना जोडून सामना चालवणारा संगणक, तेवढा सोनीच्या ताब्यात होता आणि तो गेला. पडलेल्या नाटकाची निदान संहिता उरते. पन्नास वर्षांनी एखादा दिग्दर्शक ती वाचतो आणि त्या काळच्या प्रेक्षकांना हे कळलंच नाही म्हणत नाटक पुन्हा उभं करतो. नाहीतर वाचून म्हणतो, पडलं ते बरंच झालं. २०२५च्या नोव्हेंबरमध्ये काही हौशी प्रोग्रामरांनी स्वतःचा सर्व्हर लिहून कॉन्कॉर्ड पुन्हा चालवून दाखवला, तेव्हा सोनीच्या वतीने त्याचे व्हिडिओ यूट्यूबवरून उतरवण्याच्या नोटिसा निघाल्या. ज्या खेळाचे पैसे कंपनीने परत केलेत, जो ती विकत नाही आणि पुन्हा विकणार असंही म्हणत नाही, तो खेळ कुणी बघूही नये!

विकलेला खेळ एक दिवस थांबवण्याचा कंपनीचा अधिकार मला मान्य आहे. तोट्यातला सर्व्हर कुणी जन्मभर का चालवावा? पण आपण थांबल्यावर दुसऱ्या कुणालाही तो चालवता येऊ नये, अशी बांधणी पहिल्या दिवसापासून करून ठेवण्याचा अधिकार मला मान्य नाही. भांडण या बांधणीचं आहे. परतावा हा त्यातला लहान भाग.

ही बांधणी अटळ आहे असं आजच्या वीस वर्षांच्या गेमरला वाटतं, कारण त्याने दुसरं काही पाहिलेलं नाही. ‘क्वेक’, ‘स्टारसीज: ट्राइब्स’, ‘अनरियल टूर्नामेंट’ हे सगळे नव्वदच्या दशकातले विज्ञानकथेच्या वळणाचे शूटर, म्हणजे बंदुकीने लढायचे खेळ. त्यांच्यासोबत सर्व्हरचा प्रोग्रामही मिळायचा. कॉलेजच्या लॅबमध्ये, सायबर कॅफेत, कुणाच्या तरी बेडरूममध्ये एक मशीन सर्व्हर व्हायचं आणि बाकीची त्याला जोडली जायची. पुण्या-मुंबईच्या कॅफेत तेव्हा इंटरनेट रडतखडत चालायचं, पण लॅनवर, म्हणजे कॅफेतल्या मशीनांच्या आपसातल्या जोडणीवर, ‘क्वेक थ्री’ पहाटेपर्यंत सुरू असायचा, आणि अमेरिकेतल्या कंपनीला त्याचा पत्ताही नसायचा. कंपनी चालवायची ती फक्त एक यादी: जगात कुठे कुठे सर्व्हर सुरू आहेत त्यांचे पत्ते. त्यामुळे एपिक कंपनीने २४ जानेवारी २०२३ रोजी जुन्या ‘अनरियल’ खेळांच्या सेवा बंद केल्या, तेव्हा खेळाडूंनी सेटिंगच्या फाइलमध्ये कंपनीच्या यादीचा पत्ता खोडून दुसऱ्या यादीचा पत्ता टाकला आणि खेळ चालू ठेवला. ‘ट्राइब्स’ १९९८चा, बनवणारा स्टुडिओ कधीच संपला, पण खेळाडूंनी स्वतःची यादी उभारून खेळ जिवंत ठेवला. ‘क्वेक’ बनवणाऱ्या इड सॉफ्टवेअरने तर २००५ साली ‘क्वेक थ्री’चा सोर्स कोडच, म्हणजे खेळाचा मूळ लिहिलेला प्रोग्रामच, मोकळा करून टाकला. त्याने इडचं काही बिघडलं नाही.

मग गाडी हळूहळू वळली. ‘हेलो २’ हा मधला टप्पा. सामना एखाद्या खेळाडूच्याच एक्सबॉक्सवर, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या खेळायच्या यंत्रावर, चालायचा, पण जोड्या जुळवायचं काम मायक्रोसॉफ्टकडे. एप्रिल २०१० मध्ये मायक्रोसॉफ्टने जुन्या एक्सबॉक्सची ऑनलाइन सेवा बंद केली. नवा माणूस आत येऊ शकत नव्हता, पण आधीच आत असलेल्यांना बाहेर काढता येत नव्हतं. मूठभर खेळाडूंनी आपली यंत्रं बंदच केली नाहीत. एकेकाचं यंत्र तापून, अडकून गळत गेलं, आणि त्यातला शेवटचा खेळाडू मे महिन्यात बाहेर पडला. हा किस्सा गेमर मंडळी भक्तिभावाने सांगतात. मला त्यातली तांत्रिक बाब महत्त्वाची वाटते. जोडणीचं काम कंपनीकडे गेलं की खेळाची नाडी कंपनीच्या हातात गेली.

२०१४ मध्ये गेमस्पाय ही खेळाडूंना सर्व्हरशी जोडून देणारी सेवा बंद पडली आणि तिच्यावर विसंबलेले शेकडो खेळ एका फटक्यात मुके झाले. त्यात २००६चा ‘बॅटलफील्ड २१४२’ होता: नवं हिमयुग आलेलं आणि उरलेल्या जमिनीसाठी दोन सत्तांची लढाई. हौशी लोकांनी पर्यायी सेवा उभारली, पण हा खेळ दुकानात मिळतच नव्हता म्हणून त्याची प्रतही स्वतःच वाटली, आणि २०१७ मध्ये ईए या खेळाच्या मालक कंपनीच्या कायदा विभागाने हटकल्यावर सगळं गुंडाळलं. प्रत वाटणं बेकायदा होतं हे खरं. मग कायदेशीर प्रत घ्यायची तरी कुठून, या प्रश्नाला ईएकडे उत्तर नव्हतं.

आज सर्व्हर कंपनीच्या इमारतीबाहेर पडतच नाही. खाती, रँक, मॅचमेकिंग (खेळाडूंच्या जोड्या जुळवणं), चीटरांवरची पाळत सगळं तिथेच. यातलं बरंचसं खेळाडूंनीच मागितलं होतं, हे कबूल केलं पाहिजे. जुन्या खासगी सर्व्हरवर ॲडमिनच्या मर्जीने माणसं हाकलली जायची, भिंतीपलीकडचं दिसणारे चीटर सुखाने नांदायचे आणि नवख्याला पाच मिनिटांत पाच वेळा मरून घरी जावं लागायचं. मॅचमेकिंगने हे सुधारलं. पण सर्व्हर दडवून ठेवण्यामागे आणखी एक कारण आहे. खेळ स्वस्तात किंवा फुकट देऊन पैसे स्किनवर, म्हणजे पात्रांच्या सजावटी पोशाखांवर, कमवायचे असतील, तर खासगी सर्व्हर परवडत नाही, कारण तिथे हवी ती स्किन कुणीही फुकट अंगावर चढवेल. शिवाय जुना खेळ मजेत चालू राहिला तर नवा कुणी घ्यायचा? हे कारण मात्र कंपन्यांच्या निवेदनांत सापडत नाही.

‘ओव्हरवॉच’ या शूटरचं उदाहरण त्यासाठी बघावं, कारण तो काही पडलेला खेळ नव्हता. २०१६ मध्ये आला, कोट्यवधी लोकांनी खेळला, पैसे मोजून घेतला. ऑक्टोबर २०२२ मध्ये ब्लिझर्ड कंपनीने त्याचे सर्व्हर बंद केले आणि लगेच ‘ओव्हरवॉच २’ सुरू केला. फुकट, पण संघात सहाऐवजी पाच जण, आणि स्किनचं दुकान नव्या रचनेचं. ज्याने सहा-सहाचा खेळ विकत घेतला होता, त्याच्याकडे तो परत मिळवायचा कुठलाही मार्ग नव्हता. पुढे ओरडा झाला आणि कंपनीनेच सहा-सहाचे सामने पुन्हा आणले, म्हणजे तो खेळ हवा असणारे लोक होते. तरी निर्णय त्यांच्या हातात कधीच नव्हता.

याहून मजेशीर प्रकरण ‘डेस्टिनी २’चं. २०१७ मध्ये या खेळाची मूळ मोहीम, म्हणजे कथानकाचा भाग, ‘रेड वॉर’ पूर्ण किमतीला विकली गेली. नोव्हेंबर २०२० मध्ये बंजी कंपनीने ती मोहीम आणि तिच्यासोबत काही ग्रहच्या ग्रह खेळातून काढून टाकले. कारण दिलं की खेळाचा पसारा झेपेनासा झालाय. २०२४ मध्ये एका लेखकाने अमेरिकेतल्या लुइझियानाच्या संघीय न्यायालयात दावा लावला की रेड वॉरची कथा माझ्या लेखनावरून उचलली आहे. दावा फेटाळा, अशी मागणी बंजीने केली. त्यासाठी मूळ मोहीम न्यायालयाला दाखवायला हवी, आणि ती बंजीलाच चालवता येईना! जुना कोड आजच्या व्यवस्थेवर चालत नाही, असं सांगून कंपनीने चाहत्यांनी यूट्यूबवर टाकलेले व्हिडिओ आणि चाहत्यांनीच लिहिलेल्या विकीची पानं पुराव्यादाखल जोडली. न्यायाधीशांना ती पुरेशी वाटली नाहीत, आणि मे २०२५ मध्ये दावा सुरूच राहील असा निर्णय झाला. पाच वर्षांत आपलंच काम हरवणाऱ्या कंपन्या आम्हीच त्याचे राखणदार म्हणतात, तेव्हा हे प्रकरण आठवावं.

सर्वांत जास्त हळहळ वाटते ती ‘प्लॅनेटसाइड’ची. २००३ साली आलेला हा शूटर एका सामन्याचा नव्हताच. ऑरॅक्सिस नावाच्या ग्रहावर तीन सत्ता, अनेक खंड, आणि शेकडो माणसांची दिवसरात्र चाललेली लढाई. तुम्ही झोपून उठलात की कालचा तळ शत्रूकडे गेलेला. (पुढच्या ‘प्लॅनेटसाइड २’ने २०१५ मध्ये एकाच लढाईत १,१५८ खेळाडू उतरवून गिनीज विक्रम केला.) अशा खेळात कंपनी देते ती जमीन आणि बंदुका; युद्ध, डावपेच, वैर, मैत्री हे सगळं खेळाडूंनी घडवलेलं. १ जुलै २०१६ रोजी आभाळातून उल्का पाडून हे जग बंद केलं गेलं. पण त्याआधी काही चाहत्यांनी एक शहाणपणाचं काम केलं. सर्व्हर जिवंत असताना खेळ आणि सर्व्हर यांच्यात काय संदेश जातात-येतात ते नोंदवून ठेवलं. त्या नोंदींवरून ‘पीएसफॉरएव्हर’ हा प्रकल्प सर्व्हर पुन्हा लिहीत आला आहे, तुकड्यातुकड्याने, वर्षानुवर्षं, फुकटात. मूळ सर्व्हरचा प्रोग्राम हाती दिला असता तर हे सगळं वाचलं असतं.

युरोपात या प्रश्नाने आता राजकीय रूप घेतलंय, आणि ठिणगी पडली ती शूटरवरून नाही, मोटारींच्या शर्यतीवरून. युबिसॉफ्टने ‘द क्रू’ ३१ मार्च २०२४ रोजी बंद केला. एकट्याने गाडी चालवायलाही सर्व्हर लागायचा, त्यामुळे अख्खा खेळच गेला. त्यातून ‘स्टॉप किलिंग गेम्स’ ही मोहीम उभी राहिली. युरोपीय नागरिकांच्या अर्जावर जुलै २०२५ अखेर साडेचौदा लाखांच्या आसपास सह्या जमल्या, आणि तपासणीनंतरही दहा लाखांची अट ओलांडली गेली. मागणी एवढीच, की सेवा बंद करताना खेळ चालण्याजोग्या अवस्थेत सोडा. ब्रिटनच्या संसदेत नोव्हेंबर २०२५ मध्ये चर्चा झाली. सरकारने कायदा बदलायचा विचार नाही म्हणून हात झटकले. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून दुकानांना आधीच सांगावं लागतं की तुम्ही घेताय तो फक्त परवाना आहे. हा कायदा मला फार उपयोगाचा वाटत नाही. फसवणूक आधी सांगून केली म्हणजे ती सचोटी होत नाही.

कंपन्यांच्या संघटनेचं म्हणणं असं: खासगी सर्व्हरवर खेळाडूंच्या माहितीचं संरक्षण नसतं, घाणेरडा मजकूर हटवणारं कुणी नसतं, दोष मात्र आमच्यावर येईल, शिवाय सर्व्हरमध्ये इतरांकडून भाड्याने घेतलेला कोड असतो, तो आम्ही वाटू शकत नाही, आणि हे सगळं करायचं तर खर्च अवाच्या सवा वाढेल. जबाबदारीचा मुद्दा खरा आहे, पण कायद्याच्या दोन ओळींत सुटणारा आहे. सर्व्हर जो चालवेल त्याची जबाबदारी, असं लिहून टाका. भाड्याच्या कोडचा मुद्दा जास्त अवघड. आधीच बनलेल्या खेळांना तो खरोखर आडवा येतो, म्हणून जुन्या खेळांवर सक्ती नको असं माझं मत आहे. नव्या खेळांचं तसं नाही. सेवा बंद केल्यावर सर्व्हर खुला करावा लागणार हे पहिल्या दिवशी माहीत असेल, तर तशी अट घालूनच कोड भाड्याने घेतला जाईल, आणि कोड विकणारेही तसा परवाना बनवतील, कारण गिऱ्हाईकच ते मागेल.

खर्चाचं तर उदाहरणच हाताशी आहे. वेलन स्टुडिओज या छोट्या कंपनीने ‘नॉकआउट सिटी’ हा चेंडूफेकीचा ऑनलाइन खेळ जून २०२३ मध्ये बंद केला, आणि बंद करताना खासगी सर्व्हरसकट एक आवृत्ती फुकट देऊन टाकली. खेळ तोट्यात होता म्हणूनच बंद होत होता. तरी त्यांना जमलं. खुद्द युबिसॉफ्टने एवढा गदारोळ झाल्यावर ‘द क्रू २’ला ऑफलाइन चालण्याची सोय केली. तेव्हा अशक्य हा शब्द जरा जपून वापरावा.

राहिला तो नेहमीचा प्रश्न: अहो, खेळच तो, सातशे माणसं खेळत नव्हती, जतन कशाला करायचं? मुंबईच्या टाउन हॉलमधल्या मध्यवर्ती ग्रंथालयात १९५४च्या कायद्याने देशातल्या प्रत्येक प्रकाशित पुस्तकाची एक प्रत जायला हवी. त्यातली कितीतरी पुस्तकं तिथेही कुणी उघडत नसेल. कायदा वाचकसंख्या विचारत नाही, आणि ते शहाणपणाचं आहे, कारण पुढच्या पिढीला काय लागेल ते आजच्या पिढीला ठरवता येत नाही. चित्रपटांच्या बाबतीत आपण हे फार उशिरा शिकलो. दादासाहेब फाळक्यांच्या १९१३च्या ‘राजा हरिश्चंद्र’चे पुण्याच्या चित्रपट संग्रहालयात जे रीळ आहेत ते पहिलं आणि शेवटचं, मधला चित्रपट नाही. ‘आलम आरा’ तर एक फूटसुद्धा उरला नाही. तेव्हाही लोक म्हणतच असतील की सिनेमाच तो. फिल्म निदान काळाने, उष्णतेने, निष्काळजीपणाने गेली. ऑनलाइन शूटर मात्र एका ठरलेल्या तारखेला, मीटिंगमध्ये निर्णय होऊन जातो.

हे सगळं परदेशातलं, आपला काय संबंध, असं वाटत असेल तर ऑक्टोबर २०२४ मध्ये आलेला ‘इंडस’ आठवावा. पुण्याच्या सुपरगेमिंग कंपनीने बनवलेला, सिंधू संस्कृतीच्या धाग्यावरून भविष्यातलं भारतीय विश्व रचणारा मोबाइलवरचा बॅटल रॉयल, म्हणजे शेवटी उरेल तो जिंकणार अशा प्रकारचा शूटर. विर्लोक नावाचं बेट, कॉस्मियम नावाचं मौल्यवान द्रव्य. तो चांगला की वाईट हा वेगळा विषय. पुण्यात बसून कल्पिलेलं हे विज्ञानकथेतलं जग सर्व्हरवर टिकून आहे, आणि कुठल्याही ऑनलाइन खेळाप्रमाणे सर्व्हरसोबत जाईल. तो फुकट आहे, म्हणजे विक्रीचा प्रश्नच नाही, असं म्हणता येईल. पण फुकट खेळांत पैसे थेंबाथेंबाने जातात आणि ते परत मागायला पावतीसुद्धा मोठी नसते. म्हणून अशा खेळांत ग्राहकहक्काचा दोर लवकर तुटतो, असं माझं मत आहे. तिथे जतनाचाच मुद्दा धरावा लागेल.

आपल्या कायद्यांत यासाठी जागा आहे, आणि ती अमेरिकेपेक्षा बरी आहे. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अन्याय्य कराराची व्याख्या आहे. वाजवी कारणाशिवाय एकतर्फी करार संपवण्याची मुभा देणारं कलम त्यात बसतं, आणि दाद राज्य किंवा राष्ट्रीय आयोगाकडे मागता येते. तोटा हे वाजवी कारण ठरेल, असं कंपनीचा वकील म्हणेल. ठरू दे. थांबण्याला ते कारण पुरतं. कायमचं कुलूप लावण्याला ते कसं पुरतं, हे त्याला सांगावं लागेल. दुसरीकडे कॉपीराइट कायद्याचं ५२वं कलम प्रोग्रामच्या कायदेशीर धारकाला एक मोकळीक देतं. स्वतंत्रपणे लिहिलेला दुसरा प्रोग्राम त्याच्याशी जुळवून घ्यायला लागणारी माहिती सहज मिळत नसेल, तर ती काढून घेणं म्हणजे उल्लंघन नाही. चाहत्यांनी सर्व्हर नव्याने लिहिणं म्हणजे याहून वेगळं काय? याउलट अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये ग्रंथालयांना बाजारातून गेलेले जुने खेळ संशोधकांना दूरवरून दाखवायची सवलतसुद्धा नाकारली. ऑगस्ट २०२५ मध्ये आपल्या संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला, पैशांच्या खेळांवर बंदी घातली, ई-स्पोर्ट्सला मान्यता दिली. विकलेला खेळ बंद पडला तर पुढे काय, यावर त्यात अक्षर नाही.

दिल्लीची वाट बघायचीही गरज नाही. महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये ॲनिमेशन, व्हीएफएक्स, गेमिंग आणि कॉमिक्ससाठी ३,२६८ कोटी रुपयांचं धोरण मंजूर केलं. हा पैसा आपला आहे. त्यातून अनुदान, जमीन किंवा सवलत घेणाऱ्या गेम स्टुडिओला एक अट घाला: खेळ बाजारात आणताना सर्व्हरची चालू शकणारी प्रत आणि ती चालवायच्या सूचना पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात किंवा मुंबईत उभ्या राहिलेल्या भारतीय सर्जनशील तंत्रज्ञान संस्थेत सीलबंद जमा करायच्या, दर मोठ्या अपडेटनंतर नवी प्रत द्यायची, आणि कंपनीने सेवा बंद केल्यावर सहा महिन्यांनी ती प्रत खुली व्हायची. तोपर्यंत कुणी तिला हात लावायचा नाही, त्यामुळे स्किनचा धंदाही बुडत नाही. भाड्याचा कोड अडचणीचा असेल तर तेवढा काढून, काय काढलं ते लिहून द्यायचं. बाकीचं हौशी लोक भरून काढतात, हे पीएसफॉरएव्हरवाल्यांनी दाखवलं आहेच. ज्या स्टुडिओला ही अट नको, त्याने अनुदान घेऊ नये.